लग्नाची मागणी निसर्गाच्या सान्निध्यात घालायचीय? जागा, वेळ, परवानगी आणि फोटो : सातारा जिल्ह्यातल्या तरुणांसाठी संपूर्ण माहिती

सातारा : कांदेपोहे, पसंती, सुपारी, साखरपुडा हा लग्नाचा क्रम गावागावात अजून टिकून आहे. पण आता या क्रमाच्या आधी किंवा मधेच कुठेतरी मुलगा किंवा मुलगी एकमेकांना स्वतःच्या तोंडाने ‘लग्न करशील का?’ असं विचारतात. तो क्षण फोटोत यावा, असंही अनेकांना वाटतं. सिनेमातून आणि मोबाइलवरच्या रील्समधून ही पद्धत तालुक्याच्या गावापर्यंत आली आहे.

शहरात यासाठी पैसे घेऊन सगळी व्यवस्था करून देणारे लोक असतात. गावाकडे मात्र मित्राचा मोबाइल, स्वतःची दुचाकी आणि जवळचं पठार किंवा धरणाचं पाणी एवढ्यावरच भागवलं जातं. तेवढ्यातही काम छान होतं. मात्र जागा चुकली तर जीवावर बेतू शकतं, वेळ चुकली तर फोटो काळे येतात आणि माणसाचा अंदाज चुकला तर एका मुलीला गावात महिनोन्‌महिने बोलणी खावी लागतात. म्हणून या तिन्ही गोष्टींची माहिती आधीच घेतलेली बरी.

(खाली सोयीसाठी ‘मुलाने मुलीला विचारलं’ असं धरून लिहिलं आहे. मुलगी विचारणार असेल तरी सगळं तसंच लागू होतं.)

सरप्राइज कशाचं असावं?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. सरप्राइज वेळेचं आणि जागेचं असावं, प्रश्नाचं नसावं. लग्नाबद्दल दोघांचं आधी बोलणं झालेलं असावं. लग्न करायचंय का, कधी करायचंय, नोकरी-शिक्षणाचं काय, राहायचं कुठे, घरच्यांना कोण आणि कसं सांगणार, या गोष्टी साध्या गप्पांत उलगडलेल्या असल्या की मागणी घालणं हा आनंदाचा कार्यक्रम होतो. जिच्याशी कधी या विषयावर बोलणंच झालं नाही, तिला दहा मित्रांच्या समोर गुडघ्यावर बसून विचारणं म्हणजे तिला कोंडीत पकडणं. तिथे ती ‘हो’ म्हणाली तरी ते मनापासून की भिडेपोटी, हे कळायला मार्ग नसतो.

लपवून फोटो काढणं तिला चालेल का, याचाही अंदाज आधीच घ्यावा. एखाद्या रीलवरून सहज विषय काढता येतो : ‘असं लोकांसमोर विचारलेलं तुला आवडेल का?’ तिने तोंड वाकडं केलं तर माणसं कमी करा, नाहीतर कॅमेराच नको. बहुतेक वेळा दोघं आणि लांब उभा असलेला एक विश्वासू माणूस एवढेच पुरेसे असतात.

घरच्यांचं काय? पसंती झालेली असेल तर मुलीच्या आईला, बहिणीला किंवा वहिनीला विश्वासात घेतलेलं चांगलं. मुलगी कुठे चालली आहे आणि किती वाजता परत येणार, हे घरात एका तरी बाईमाणसाला ठाऊक असतं, तेव्हा परतायला उशीर झाला तरी गोंधळ होत नाही. घरी अजून काहीच सांगितलेलं नसेल तर गावाजवळची, ओळखीच्या लोकांची ये-जा असलेली जागा टाळावी. कोणीतरी पाहणार, बातमी आधी घरी पोचणार आणि त्याचा त्रास मुलापेक्षा मुलीला जास्त होणार. कायद्याने लग्नासाठी मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पूर्ण असावी लागतात, हेही ध्यानात असू द्या.

जिल्ह्यातल्या जागा आणि तिथल्या अडचणी

*कास पठार (सातारा-जावळी) :* २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कासचा समावेश झाला. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा हंगाम असतो. या काळात प्रवेशावर मर्यादा असते, त्यामुळे आधी ऑनलाइन नोंदणी करूनच जावं. पायवाट सोडून फुलांत उतरणं, बसणं, फुलं तोडणं हे चालत नाही. खडकावरचा मातीचा थर जेमतेम काही बोटांचा असतो आणि एका पावलाखाली शेकडो रोपं जातात. फुलांच्या मधोमध गुडघ्यावर बसलेला फोटो ज्यांना हवाय त्यांनी तो विचार सोडावा. पायवाटेवर उभं राहून, कॅमेरा खाली धरून, पुढे फुलं आणि मागे माणसं असा फोटो घेतला तर तोच परिणाम मिळतो. शनिवार-रविवार टाळा.

*ठोसेघर आणि चाळकेवाडी (सातारा-पाटण) :* ठोसेघरचा धबधबा कुंपण घातलेल्या प्रेक्षक गॅलरीतूनच पाहायचा असतो. मागणी घालायला पुढचं चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार जास्त मोकळं आहे. पण नावाप्रमाणे तिथे वारा जबरदस्त. ओढणी, केस, टोपी, अंगठीची डबी सगळं उडतं आणि व्हिडिओत आवाजाऐवजी नुसता घोंघाट येतो. पवनचक्कीच्या अगदी खाली किंवा कुंपणाच्या आत जाऊ नये.

*सडावाघापूर (पाटण) :* वाऱ्याने पाणी उलटं वर फेकणारा धबधबा म्हणून पावसाळ्यात इथे गर्दी होते. कडा निसरडा आणि धुकं दाट. पावसाळ्यात इथे मागणी घालण्याचा बेत करू नये. पाऊस ओसरल्यावर कड्यापासून आत, पठारावर जागा शोधावी.

*मेणवली (वाई) :* नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागचा कृष्णेचा दगडी घाट. ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटामुळे हा घाट देशभर पोचला. घाटावरच्या देवळाजवळची मोठी घंटा वसईच्या मोहिमेतली आहे. सकाळी लवकर गर्दी कमी असते आणि ऊन मऊ असतं. वाडा खासगी मालकीचा आहे, आत फोटो काढायचे तर विचारून. घाटावर बायका धुणं धुतात, लोक पूजेला येतात. त्यांच्या वेळेत अडचण करू नये आणि त्यांचे चेहरे फोटोत घेऊ नयेत.

*धोम, कण्हेर, उरमोडीचं पाणी :* धरणाच्या पाण्याकाठी संध्याकाळी रंग सुंदर येतात. मात्र धरणाची भिंत, दरवाजे आणि सांडवा या भागात फोटोला मनाई असते. पाणी उतरल्यावर उघडा पडलेला काठ वरून वाळलेला दिसतो, पण खाली गाळ असतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो. ओल्या काठापासून चांगलं अंतर ठेवा.

*स्वतःचं रान :* ही सगळ्यात सोपी आणि बिनखर्ची जागा, तरी बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. खटाव-माणमध्ये हुरड्याच्या दिवसांतली ज्वारी, कोरेगाव-फलटणकडे झेंडू-शेवंतीचे प्लॉट, कुणाच्या बांधावरचा मोठा आंबा, जुनी विहीर लांबून. परवानगीची भानगड नाही, गर्दी नाही, लपायला जागा भरपूर. फक्त शेत दुसऱ्याचं असेल तर मालकाला विचारा, पीक तुडवू नका. कराड-पाटण भागात उसाच्या कडेला संध्याकाळी थांबू नये. बिबट्याचा वावर तिथे नवा नाही.

इथे नकोच

सज्जनगड हे समर्थ रामदासांच्या समाधीचं स्थान आहे. प्रतापगड जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाच्या १२ किल्ल्यांत जागतिक वारसा यादीत गेला. गडांवरच्या प्री-वेडिंग शूटला शिवप्रेमींचा विरोध आहे आणि त्यावरून वाद झालेले आहेत. त्यामुळे गड, समाधी, मंदिराचा गाभारा इथे असा कार्यक्रम ठेवू नये. गड मागे लांबवर दिसेल अशी पायथ्याची जागा निवडली तर फोटोही चांगला येतो आणि कुणाचं मन दुखत नाही.

कड्याची टोकं, धबधब्याचा माथा, पुलाचे कठडे, रेल्वे रूळ, घाटातली वळणं हीसुद्धा यादीतून काढून टाका. गुडघ्यावर बसलेल्या माणसाचं लक्ष अंगठीवर असतं, समोरच्या माणसाला आनंदाने मागे पाऊल टाकायची सवय असते आणि फोटो काढणारा स्क्रीनकडे पाहत मागे सरकत असतो. तिघांपैकी एकाचंही लक्ष पायाखाली नसतं. म्हणून साधा नियम ठेवा : तिघांच्याही मागे निदान दहा पावलं सपाट, कोरडी जमीन हवी. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढतं. निघण्याआधी ते तपासा.

कड्याकपारीत, मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतं. उग्र अत्तर, धूर आणि ड्रोनचा आवाज याने माशा उठतात. मोहोळ दिसलं की जागा बदलायची, वाद घालायचा नाही.

परवानगी आणि ड्रोन

वनखात्याच्या हद्दीत जायचं तर जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा गावच्या वन व्यवस्थापन समितीकडे विचारावं. पाटण, जावळी, महाबळेश्वरचा बराच भाग कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे.

आकाशकंदील उडवणं, फटाके, रंगीत धुराच्या नळ्या आणि मेणबत्त्यांचा बदाम हे गवताळ पठारावर करू नये. दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं आणि फेब्रुवारीपासून एका ठिणगीने अख्खा डोंगर पेटतो. त्यात गुरांचा चारा, पक्ष्यांची घरटी आणि कधी कडेच्या वस्तीवरच्या गंजीही जातात. फुगे आणि कागदी पाकळ्या वापरल्या तर येताना एकूण एक उचलून आणा.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागू आहेत. २५० ग्रॅमपेक्षा जास्त वजनाच्या ड्रोनची सरकारकडे नोंदणी लागते. नकाशावरच्या हिरव्या भागात साधारण १२० मीटर उंचीपर्यंत उडवता येतो, तांबड्या भागात केंद्राच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. पैसे देऊन ड्रोनवाला बोलावला तर तो व्यावसायिक वापर झाला. अशा वेळी त्याच्याकडे चालकाचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. धरण, अभयारण्य आणि प्रशासनाने बंदी घातलेल्या काळात ड्रोन नकोच. खरं तर ड्रोन डोक्यावर घोंघावू लागला की सरप्राइज तिथेच संपतं. त्याशिवाय भागत असेल तर बरं.

वेळ : ऊन कधी मऊ असतं?

दुपारी ११ ते ४ या वेळात ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि माणसं डोळे बारीक करतात. उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा एक तास फोटोला सगळ्यात चांगला. साताऱ्याच्या परिसरात सूर्य मावळण्याची साधारण वेळ अशी :

- नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर : ६ च्या आसपास
- जानेवारीअखेर : ६.२५ च्या आसपास
- फेब्रुवारीच्या मध्यावर : ६.३५ च्या आसपास
- जूनमध्ये : ७.१० च्या आसपास

पण ही वेळ सपाट क्षितिजाची. पश्चिमेला डोंगर असेल तर सूर्य अर्धा तास आधीच आड जातो. म्हणून आदल्या दिवशी त्याच वेळी जागेवर जाऊन सूर्य कुठे बुडतो ते पाहावं. पाऊस, थंडी आणि गर्दी यांचा विचार केला तर नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने आपल्याकडे सगळ्यात सोयीचे. अंधार पडायच्या आत घाट उतरता येईल असाच बेत करावा.

तयारी

*अंगठी :* आपल्याकडे अंगठी साखरपुड्यात, सगळ्यांच्या साक्षीने घातली जाते. ती तशीच राखून ठेवून मागणी घालताना गजरा, साधी चांदीची अंगठी किंवा घड्याळ दिलं तरी चालतं. माप हवं असेल तर तिच्या बहिणीकरवी तिची जुनी अंगठी एक दिवस मागून घ्या आणि सोनाराला दाखवा. दोऱ्याने मापलेलं बोट बहुतेक वेळा चुकतं. अंगठी डबीतच ठेवा. पाण्याकाठी आणि गवतात पडलेली अंगठी सापडत नाही.

*निमित्त :* खोटं फार मोठं रचू नका. ‘मित्राचा नवीन कॅमेरा आहे, चार फोटो काढून घेऊ’ हे निमित्त सगळ्यात चांगलं. दोघं आधीच नीटनेटक्या कपड्यांत असतात, कॅमेरा समोर असला तरी संशय येत नाही आणि दोन-चार साधे फोटो काढून झाल्यावर प्रश्न विचारता येतो. चालावं लागणार असेल तर तिला चप्पल-सँडलबद्दल आधीच सांगा.

*रेंज आणि पेट्रोल :* पठारावर आणि दरीत रेंज जाते. कुठे थांबायचं, इशारा काय, किती वाजता, हे सगळं आधीच ठरवा. ‘तिथे गेल्यावर फोन करतो’ यावर विसंबू नका. टाकी भरलेली, दोघांनाही हेल्मेट, पाणी, टॉर्च आणि मोबाइल चार्ज एवढं हवंच. अडचण आली तर ११२ हा क्रमांक.

फोटो : मोबाइलवर काम कसं भागवायचं

१. दोन मोबाइल ठेवा. एकाने फक्त व्हिडिओ, दुसऱ्याने फक्त फोटो. एकाच माणसाने दोन्ही करायचं ठरवलं की दोन्ही हुकतात.

२. काच रुमालाने पुसा. खिशातल्या मोबाइलच्या काचेवर तेलकट थर असतो, त्याने उन्हाच्या दिशेचे फोटो पांढरट येतात.

३. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. ऐन वेळी फोन आला तर काही मोबाइलमध्ये व्हिडिओ थांबतो. निदान ५ जीबी जागा रिकामी करा.

४. फोटो काढणाऱ्याने दोघांच्या बाजूला उभं राहावं. मुलाच्या पाठीमागे उभं राहिलं तर फक्त त्याची पाठ दिसते, तिच्या पाठीमागे उभं राहिलं तर तिचा चेहरा जातो. बाजूने, थोडं तिच्या चेहऱ्याकडे कललेलं उभं राहिलं की दोघंही येतात. विचारणाऱ्याने कॅमेऱ्याच्या बाजूचा गुडघा टेकवावा, म्हणजे दुसरा गुडघा हाताच्या आड येत नाही.

५. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी किंवा खांद्याच्या बाजूला असावा. सूर्य जोडप्याच्या मागे हवा असेल तर स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बहुतेक मोबाइलमध्ये प्रकाश आणि फोकस तिथेच बांधला जातो, चेहरे काळे पडत नाहीत.

६. अंतर पंधरा-वीस पावलं ठेवा. मोबाइलला दोन-तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी ताणून केलेला मोठा झूम फोटो फोडतो. त्यापेक्षा जवळ जावं किंवा नंतर फोटो कापून घ्यावा.

७. व्हिडिओ प्रश्न विचारायच्या दोन मिनिटं आधी सुरू करा आणि नंतरही लगेच बंद करू नका. मोबाइल आडवा धरा, हात कोपरापासून अंगाला टेकवा. फोटोवाल्याने बटण दाबून धरून एकापाठोपाठ फोटो घ्यावेत. कोणत्या मोबाइलमध्ये ते कसं होतं, हे घरीच करून पाहावं.

८. आवाज हवा असेल तर तिसरा मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून विचारणाऱ्याच्या वरच्या खिशात ठेवा. लांबून वाऱ्यात शब्द ऐकू येत नाहीत.

९. सराव करा. आदल्या दिवशी जागेवर एक दगड ठेवून खूण करा, मित्राला तिथे उभं करा आणि चार फोटो काढून पाहा. दुसऱ्या दिवशी विचारणाऱ्याने त्याच दगडापाशी थांबायचं, दोन पावलंही पुढे नाही.

१०. विचारणाऱ्याने घाई करू नये. अंगठी काढून लगेच उठून उभं राहणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दहा आकडे मनात मोजेपर्यंत खालीच राहावं.

फोटोग्राफर पैसे देऊन बोलावणार असाल तर चार गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या : एकूण रक्कम, किती फोटो आणि कधी मिळणार, मूळ फाइल देणार की नाही, आणि विचारल्याशिवाय स्वतःच्या पानावर टाकणार नाही.

ती ‘नाही’ किंवा ‘विचार करते’ म्हणाली तर?

हा प्रसंग येऊ शकतो, म्हणून त्याचीही तयारी हवी. फोटो काढणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा : तिचा चेहरा पडलेला दिसला की कॅमेरा खाली आणि सगळे लांब. टाळ्या, शिट्ट्या, ‘हो म्हण, हो म्हण’ असा ओरडा बिलकुल नको. तिला कारण विचारत बसू नये. ती ज्या गाडीवर आली त्याच गाडीवर परत जायला तयार नसेल तर दुसरी सोय हवी. म्हणूनच सोबत तिची एखादी मैत्रीण किंवा बहीण असलेली चांगली. तिला सुखरूप घरी पोचवणं हे त्या दिवशीचं पहिलं काम. फोटो-व्हिडिओ तिच्यासमोर पुसून टाकावेत, मोबाइलच्या कचरापेटीतूनसुद्धा.

नंतर तिच्यामागे लागणं, वारंवार फोन-मेसेज करणं, कॉलेजबाहेर थांबणं हे प्रेमात मोडत नाही. तिने स्पष्ट नको म्हटल्यावर पाठलाग चालू ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे आणि पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा त्रास होत असेल तर मुलींसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

फोटो कुणाचे, कुठे टाकायचे?

होकार आला तरी फोटो लगेच स्टेटसला टाकू नयेत. आधी तिला दाखवा. कोणते ठेवायचे, कोणते पुसायचे, कुणाला पाठवायचे हे दोघांनी ठरवावं. तिच्या आजी-आजोबांना, मामाला, चुलत्यांना ही बातमी माणसाच्या तोंडून कळावी, रीलमधून नाही. नाहीतर लग्नाला हरकत नसलेली माणसंही ‘आम्हाला विचारलं नाही’ म्हणून अडून बसतात. मित्रांच्या मोबाइलमधल्या प्रती त्याच दिवशी घेऊन तिथून पुसाव्यात. फोटोचा कुणी गैरवापर केला, धमकी दिली तर सायबर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

निघण्याआधी एकदा तपासा

- लग्नाच्या विषयावर दोघांचं आधी बोलणं झालंय
- जागा आदल्या दिवशी त्याच वेळी पाहिलीय, मागे दहा पावलं सपाट जमीन आहे
- वनखातं, शेतमालक किंवा घाटावरच्या लोकांना विचारलंय
- सूर्य कधी डोंगराआड जातो ते माहीत आहे
- दोन मोबाइल, दोन माणसं, रिकामी जागा, पुसलेली काच
- अंगठी डबीत, डबी चेनच्या खिशात
- ती कुठे आहे हे तिच्या घरच्या एका तरी माणसाला ठाऊक आहे
- ‘नाही’ आलं तर काय करायचं हे सगळ्यांना सांगितलंय

फोटो हुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येतो. ऐन वेळी आभाळ भरून आलं, वारा सुटला किंवा ती दमलेली, चिडलेली दिसली तर बेत पुढे ढकलावा आणि दोघांनी चहा पिऊन घरी यावं.